माशी आणि मासा

मे महिना म्हटला की तुम्हांला सुट्टी आणि आंबे आठवतात. आयर्लंड देशातील पुष्कळ लोकांना याच महिन्यात कॉरिब तलाव आठवतो. गॉलवे शहराजवळचा हा तलाव सुमारे १७६ चौरस किलोमीटर पसरलेला आहे. दरवर्षी मे महिन्यात जुने मित्र ठरवून येथे जमतात, होडी घेतात आणि ट्राउट माशाची शिकार करतात. त्यांच्या गळाला गांडूळ नसते. असते एक माशी!

'मासा' आणि 'माशी' हे शब्द कानाला सारखे वाटतात. पण माशी म्हणजे माशाची मादी नव्हे बरे का! उर्दूत जिला मक्खी म्हणतात, ती माशी. ही माशी मात्र घरातली नव्हे. तिचे नाव मेफ्लाय. तिची अळी तलावाच्या गाळात सुमारे दोन वर्षे राहते. मे महिन्यात ती पाण्यावर येते, कात टाकते आणि पंख पसरून उडते. पंख फुटल्यावर तिला काही खाताच येत नाही. पाण्यात अंडी घालून ती थोड्याच दिवसांत मरते. ट्राउट या दिवसांची वाटच पाहत असतो.

होडी वाऱ्यावर आडवी वाहू देतात. काठी चार-पाच मीटर लांब, दोरी रेशमासारखी हलकी आणि गळाला एक-दोन जिवंत मेफ्लाय. वारा दोरी उचलतो, माशी पाण्यावर नाचू लागते. मासा वर आला की नवखा माणूस झटकन काठी ओढतो आणि मासा निसटतो. माशी तोंडात घेऊन मासा खाली वळेपर्यंत थांबावे लागते. काही जण पिसे आणि धागा यांची खोटी माशी वापरतात. वारा पडला, की मित्र एखाद्या बेटावर उतरून चहा करतात. सहलीची खरी मजा येथेच असावी!

२००५ साली मात्र या तलावात एक परकी वनस्पती सापडली. ती मूळची दक्षिण आफ्रिकेची. बागेतल्या हौदांसाठी ती तेव्हा विकली जात असे. ती इतकी दाट वाढली, की उजेड तळापर्यंत पोहोचेना. तळाच्या मूळच्या वनस्पती मरू लागल्या, होड्या अडकू लागल्या. कापून काढली, तरी तुटलेल्या तुकड्यांतून ती पुन्हा उगवे. ओल्या होडीला किंवा जाळीला चिकटलेला एक तुकडाही दुसऱ्या तलावाला पुरेसा होता. औषध मारावे, तर गॉलवे शहर याच तलावाचे पाणी पिते.

शेवटी शास्त्रज्ञांनी तळावर चक्क तागाचे कापड अंथरले. होय, ज्याची आपल्याकडे गोणपाटे होतात, तोच ताग! कापडाखाली उजेड न मिळाल्याने ती वनस्पती काही महिन्यांत मेली. तलावाच्या मूळच्या नाजूक वनस्पती मात्र कापडाच्या विणीतून वर आल्या. पुढे ताग हळूहळू कुजून गेला.