आधी पाय धुऊन घे

उपकेंद्रात रुजू झालीस, बरं झालं. बीपी, शुगर, लसीकरण, गरोदर बायांच्या नोंदी हे सगळं तुमच्याकडून ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलंय, त्यात ही आत्या काय नवीन सांगणार? मी सांगतेय ते एकाच दुखण्याबद्दल. त्वचेच्या ओपीडीत नोकरी झाली माझी, त्यामुळे ते जवळून पाहिलंय. मेलानोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडे दुर्मिळ, वर्षाला लाख माणसांमागे एकसुद्धा नाही. तुझ्या पाच हजार वस्तीत अख्ख्या नोकरीत तो दिसणारही नाही कदाचित. पण दिसलाच तर तो कॅन्सर म्हणून तुझ्यापुढे येणार नाही. ‘ताई, भोवरीवर एखादं मलम द्या’ म्हणत येईल.

पुस्तकातले फोटो आधी डोक्यातून काढ. ते असतात गोऱ्या माणसांच्या पाठीवरच्या, पोटरीवरच्या तिळांचे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हा आजार जगात सर्वांत जास्त, आणि तिथे त्याचं मोठं कारण ऊन. आपल्या कातडीत रंग भरपूर, म्हणून उन्हाचा मेलानोमा आपल्याला क्वचित. आपल्याला होतो तो बहुतेक वेळा जिथे ऊन पोचतच नाही तिथे. टाच, तळपाय, तळहात, अंगठ्याचं नख. कधी तोंडात टाळूला, कधी डोळ्यात, कधी गुदद्वाराशी. त्यामुळे ‘आपण काळे, आपल्याला कसला होतोय त्वचेचा कॅन्सर’ असं डॉक्टर मंडळींच्या तोंडूनसुद्धा ऐकशील. ऐकून सोडून दे.

पायाची तक्रार घेऊन आलेल्याला आधी पाय धुवायला लाव. हसू नकोस. शेतातनं आलेला पाय, त्यावर बिबव्याचा डाग, कुणी लावलेली मेंदी, जखम धुवायच्या जांभळ्या पाण्याचा रंग, यातलं काय खरं काळं आणि काय वरचं हे धुतल्याशिवाय कळत नाही. साबण लाव, कपड्याने घासून पूस, स्पिरिटचा बोळा फिरव. मग पेशंटला पालथं झोपव म्हणजे तळवा तुझ्या डोळ्यांसमोर येतो. स्टुलावर बसवून वाकून बघितलंस तर टाचेची मागची कड आणि बोटांच्या बेचक्या हमखास सुटतात.

आता तळव्यावर काळा डाग दिसतोय समज. त्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब सोड आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धर. तेलाने चकाकी जाते आणि आतला रंग नीट दिसतो. तळव्याची कातडी म्हणजे बारीक सरी-वरंब्यांचं रान. साधा तीळ असला की रंग बहुधा सरीत बसतो. मेलानोमात तो वरंब्यावर चढलेला असतो. त्वचेच्या डॉक्टरांकडे डर्माटोस्कोप नावाचं भिंग असतं, त्यात ते हेच बघतात. तुला तेलाखाली साध्या डोळ्यांनी दरवेळी दिसेलच असं नाही, आणि दिसलं नाही म्हणून सुटका झाली असंही समजू नकोस. पण बघायची सवय ठेव.

तिळासाठी एक पाच अक्षरांची इंग्रजी खूण शिकवतात, एबीसीडीई. म्हणजे तिळाचा एक अर्धा भाग दुसऱ्यासारखा नसणं, कड वेडीवाकडी असणं, एकाच डागात काळा-तपकिरी-निळसर-पांढरा असे रंग असणं, आकार सहा मिलिमीटरच्या वर असणं, आणि तो बदलत असणं. पाठ करून ठेव, पण पायाशी पहिली चार अक्षरं पुष्कळदा दगा देतात. मी भरवसा ठेवते तो पाचव्यावर. ‘हा डाग कधीपासून आहे?’ असं विचारू नकोस, माणूस ‘लहानपणापासून’ म्हणून मोकळा होतो. ‘मागच्या दिवाळीला एवढाच होता का?’ असं विचार. मग बायको आतून सांगते, ‘छे, तेव्हा मसुराएवढा होता.’ घरातली दुसरी व्यक्ती सोबत असलेली बरी ती यासाठीच. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढ आणि मागे तारीख लिही.

नखाचं जरा सविस्तर सांगते, कारण चूक तिथेच जास्त होते. आपल्या लोकांत नखांवर फिकट तपकिरी उभ्या रेघा असतात. त्या पुष्कळ नखांवर असल्या तर बहुतेक वेळा काही नसतं. बी-१२ कमी असेल, काही औषधं चालू असतील तरी येतात. घाबरायचं ते एकाच नखावरच्या रेघेला, त्यातून अंगठ्याच्या, हाताच्या किंवा पायाच्या. मोठ्या वयात नव्याने आलेली, तीन मिलिमीटरहून रुंद, नखाच्या मुळाशी जाड आणि टोकाशी निमुळती, रंग एकसारखा नसलेली. आणि नखाचा काळेपणा बाजूच्या कातडीवर किंवा मुळाच्या कडेवर उतरलेला दिसला तर थांबूच नकोस. जोनाथन हचिन्सन नावाच्या इंग्रज सर्जनने ही खूण एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवली आहे, आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

पेशंट म्हणेल, दगड लागला होता. खरंही असेल. नखाखाली साकळलेलं रक्त काळंच दिसतं. ते ओळखायचं असं: नखाच्या मुळाशी डाग जिथे संपतो तिथे नखावर बारीक खूण कर आणि फोटो घे. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्मं. रक्त असेल तर डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मागे स्वच्छ नख येतं. महिना-दीड महिन्यात मागे स्वच्छ नख दिसलं नाही तर चिठ्ठी लिही. खात्री वाटत नसेल तर तेवढंही थांबू नकोस.

‘लागलं होतं’ या गोष्टीने किती जणांना फसवलंय म्हणून सांगू. तुझ्या भावाच्या टी-शर्टावर जो जटावाला गायक असतो ना, बॉब मार्ली, तो जमैकाचा. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली दुखणं होतं, फुटबॉल खेळताना लागलेलं समजत होते. १९७७ साली निदान झालं, मेलानोमा. डॉक्टरांनी अंगठा काढायला सांगितलं, तो नको म्हणाला. नख आणि त्याखालचा भाग काढून मांडीची कातडी लावली. पुढे ते पसरत मेंदूपर्यंत गेलं आणि १९८१च्या मे महिन्यात तो गेला, वय वर्षे ३६. अंगठा तोडायला तयार नसलेल्या पेशंटला मी हे सांगायची. पोरं ऐकायची. म्हातारे विचारायचे, कोण हा बाबा?

आणखी एक सोंग असतं त्याचं. काळा नसलेला मेलानोमा. गुलाबी, लालसर, ओलसर मांसाचा कोंभ किंवा चिघळलेली जखम. मधुमेही माणसाच्या तळव्यावर असली की सगळे शुगरच्या नावाने खडे फोडतात आणि ड्रेसिंग चालू राहतं. नीट ड्रेसिंग करून, शुगर ताब्यात ठेवूनही महिना-दीड महिन्यात जखम भरायला लागली नाही, तर तिचा तुकडा तपासायला जायलाच हवा.

गावात काय काय करतात ते तुला माहीत आहेच. भोवरीवर बिबवा घालणं, चामखिळीला घोड्याचा केस बांधणं, तिळावर चुना लावणं, ब्लेडने खरवडणं. रागावून उपयोग नाही, दुसऱ्या खेपेला माणूस तुला सांगायचाच नाही. एवढंच समजाव की बिबव्याने कातडी भाजते, मग आतलं मूळ दुखणं कोणतं हे डॉक्टरलासुद्धा कळेनासं होतं. आणि गावातल्या डॉक्टरने मस कापला, जाळला, तर तो तुकडा कचऱ्यात जाता कामा नये. फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून तपासायला गेला पाहिजे.

‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ ही भीती जबरदस्त आहे. बायोप्सीने मेलानोमा पसरत नाही. उशीर केल्याने पसरतो. डाग लहान असेल तर भोवतीच्या एक-दोन मिलिमीटर चांगल्या कातडीसकट सगळाच काढतात. मोठा असेल तर सर्वांत जाड किंवा काळ्या जागेचा तुकडा घेतात. नखाचं असेल तर नुसतं नख कापून पाठवून भागत नाही, नख जिथून उगवतं त्या मुळाचा तुकडा लागतो.

रिपोर्ट आला की पेशंट विचारतो, कितवी स्टेज? तू आधी जाडी बघ. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन डॉक्टरने १९७० मध्ये दाखवलं की गाठ कातडीत किती मिलिमीटर खोल गेली यावर पुढचं बरंचसं ठरतं. एक मिलिमीटरच्या आत असताना निघाला आणि पसरलेला नसला तर बहुतेक माणसं बरी होतात. जागेवरची कातडी पुन्हा रुंद काढतात, पातळ असेल तर चहूबाजूंनी एक सेंटिमीटर, दोन मिलिमीटरहून जाड असेल तर दोन सेंटिमीटर. टाचेला मग दुसरीकडची कातडी लावावी लागते. नखाखाली खोल गेलेला असेल तर बोटाचं पेर किंवा बोट जातं. पण लोकांना वाटतं तसा सरसकट पाय कापत नाहीत, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांग. त्या धास्तीनेच ते पळून जातात.

जांघेत हात लावून बघायला विसरू नकोस. पायाला जखम असली की अवधाण येतंच, पण टणक, न दुखणारी, हलवली तरी न हलणारी गाठ लागली तर चिठ्ठीत ठळक लिही. गाठ हाताला लागत नसेल आणि मेलानोमा एक मिलिमीटरहून जाड असेल, तर निळा रंग आणि किरणोत्सर्गी द्रव टोचून दुखणं पहिल्यांदा कुठल्या गाठीत जातं ते शोधतात आणि तेवढीच काढून तपासतात. पूर्वीसारखी सगळी जांघ उकरत नाहीत. त्यामुळे पाय सुजायचं पुष्कळ वाचलं.

पसरलेल्या मेलानोमावर आमच्या वेळी सांगण्यासारखं काही नव्हतं. जुनी केमो चालायची, उपयोग थोडा. २०११ नंतर चित्र पालटलं. शरीराच्या प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडवणारी इंजेक्शनं आली, ज्यांच्या मुळाशी असलेल्या कामाला २०१८चं नोबेल मिळालं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ साली, नव्वदी उलटल्यावर, यकृतात आणि मेंदूत मेलानोमा सापडला. ऑपरेशन, किरणं आणि पेम्ब्रोलिझुमॅब घेतलं, आणि २०२४च्या डिसेंबरात शंभरी पूर्ण करून गेले. मात्र ही गोष्ट पेशंटला जपून सांग. तळव्याच्या मेलानोमाला ही औषधं तेवढी लागू पडत नाहीत, आणि खर्च लाखांत जातो. काहींच्या गाठीत बीआरएएफ किंवा केआयटी या जनुकांत बिघाड सापडतो, त्यांना गोळ्या देता येतात. इंजेक्शनवाला पेशंट गावी परतला आणि त्याला जुलाब, धाप किंवा अंगभर पुरळ सुरू झाली, तर जुलाबाची गोळी देऊन घरी पाठवू नकोस. प्रतिकारशक्ती अंगावर उलटते तेव्हा असं होतं. त्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन लाव.

पैशाचं म्हणशील तर जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला आधी गाठायला सांग. ऑपरेशन बसतं का, औषध बसतं का, दोन्ही वेगवेगळं विचारायचं. रेशनकार्ड आणि आधार घरीच विसरून परळला टाटात पोचलेली माणसं मी पाहिली आहेत.

चिठ्ठी लिहिताना ‘पायाला जखम’ एवढंच खरडू नकोस. कुठल्या पायाला, नेमकं कुठे, किती मिलिमीटर, कधीपासून बदलतंय, जांघेत गाठ आहे का, घरी काय लावलं होतं हे लिही, आणि शेवटी ‘मेलानोमाची शंका, बायोप्सी व्हावी’ असं स्पष्ट लिही. कुणी हसलं तर हसू दे. फोन नंबर दोन घे, एक त्याचा आणि एक सुनेचा किंवा मुलीचा. आठवड्याने दुसऱ्या नंबरवर फोन कर. पहिल्या नंबरवर तो ‘जातो की ताई, भात झोडून झाला की’ म्हणेल.