गंजलेला चाकू आणि चामड्याचे म्यान

मुलांनो, जुने हत्यार आणि जुने माणूस टाकू नये, असे आमची आजी नेहमी म्हणते. पण माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा चाकू सापडला तेव्हा तीच म्हणाली, "दे भंगारवाल्याला, काय राह्यलंय त्यात!" आजोबा गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. पाते तांबूस गंजाने भरले होते. मी ठरवले, हा चाकू नीट करायचाच.

गंज का चढतो? लोखंडाला हवेतील ऑक्सिजन व पाणी दोन्ही मिळाले की गंज तयार होतो. म्हणून कोरडे, तेल लावलेले हत्यार गंजत नाही.

गंज काढण्यासाठी मी पात्याला चिंचेचा कोळ लावून तासभर ठेवला. चिंचेत आम्ल असते, ते गंज सैल करते. पण फार वेळ ठेवले तर ते चांगले लोखंडही खाते. नंतर विटकरीच्या पुडीने घासले आणि खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतले. सोड्याने उरलेले आम्ल मरते.

इथेच माझी चूक झाली. लवकर वाळावे म्हणून मी पाते चुलीतल्या निखाऱ्यावर धरले. टोक निळे पडले! मला वाटले, छान रंग आला. पण धार लावली तर ती टोकाला टिकेना. लोहारकाकांना दाखवले. ते म्हणाले, "पोरा, पाणी उतरवलंस की रं!" चाकूचे पाते पोलादाचे असते. पोलाद लाल तापवून एकदम थंड केले की ते कडक होते. त्यालाच पाणी देणे म्हणतात. तसे पोलाद पुन्हा सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की निळे होते आणि त्याचा कडकपणा कमी होतो. काकांनी मूठ काढून पात्याला पुन्हा पाणी दिले. मग थोडेसेच तापवून पिवळसर रंगावर थांबवले, कारण नुसते कडक पाते काचेसारखे तुटते.

धार लावताना पाते दगडावर सुमारे २० अंशांत धरावे. काटकोनाचा निम्मा ४५ अंश, त्याचा निम्मा साडेबावीस. त्याहून किंचित कमी. दोन्ही बाजू सारख्याच घासाव्यात. मोठे माणूस जवळ असल्याशिवाय हे करू नये.

आता म्यान. चर्मकार काकांकडून चामड्याचा तुकडा आणला. बाभळीची साल व हिरडा यांतील टॅनिनने कातडे कमावले की ते कुजत नाही. कोल्हापुरी चपलांचे चामडेही असेच कमावतात. असे चामडे ओले करून वाकवले की वाळल्यावर तोच आकार धरते. म्हणून पाते प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून त्यावर ओले चामडे दाबले. काकांनी रापीने कापून दिले. आरीने भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने मी शिवले. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून प्रत्येक भोकातून दोन्हीकडून सुई काढायची. एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. धारेकडच्या शिवणीत चामड्याची एक पट्टी घालावी, नाहीतर धार शिवणच कापते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. चाकू बरेच दिवस म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि पाते पुन्हा गंजते. पुसून, खोबरेल तेल लावून बाहेर ठेवावा.

लाकडी मुठीला मी जवसाचे तेल लावले, पण पॉलिशपेपर घासला नाही. आजोबांच्या अंगठ्याने तिथे एक खळगा पडला आहे. आजीने चाकू हातात घेतला, त्या खळग्यावर अंगठा ठेवला आणि काहीच बोलली नाही. भंगारवाला दुसऱ्या दिवशी आला होता. आजीने त्याला फुटकी बादली दिली.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी