कोंबडा घेताय? आधी तुरा बघा, मग डोळा

गेल्या आठवड्यात आरमोरीकडचा एक पोरगा दुकानात आला. थैलीत तीन महिन्यांचा काळाभोर कोंबडा. "दादा, हा प्युअर कडकनाथ आहे ना? बाराशे सांगतात." खायला नाही, दहा कोंबड्यांमागे सोडायला हवा होता. म्हणजे पुढची सगळी पिल्लं त्याच्यावर जाणार. कोंबडी चुकली तर दहातली एक चुकते, कोंबडा चुकला तर अख्खी बॅच.

मी चोच उघडून बघितली. जीभ गुलाबी. तुऱ्याच्या बुडाशी लाली. काळी पिसं म्हणजे कडकनाथ नव्हे, हे डोक्यात पक्कं बसवा. काळी गावरान आपल्याकडे गावोगाव आहे. कडकनाथ मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, 2018 मध्ये त्याच्या मांसाला जीआय मिळालं. त्याची कातडी, जीभ, पाय, हाडावरचं आवरणसुद्धा काळपट असतं. पिसं मात्र सोनेरी किंवा पांढऱ्या रेघांचीही असू शकतात.

आता एक गंमत सांगतो, जी विकणारा सांगत नाही. कडकनाथ नर आणि पांढऱ्या किंवा पिवळ्या पायाची गावरान मादी यांचा क्रॉस झाला, की पोटच्या माद्या बऱ्याच काळ्या निघतात, नर मात्र फिके पडतात. काळेपणा दाबणारा गुण आईकडून फक्त मुलांकडे जातो. बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1911 मध्येच सिल्की कोंबड्यांवर हे दाखवलं होतं. म्हणून कळप घेताना माद्या बघून भुलू नका, त्याच बॅचमधले नर मागा. मी हे शिकलो तेव्हा पन्नास पिल्लांचे पैसे भरून झाले होते. बीबीएच्या पुस्तकात मार्जिन होतं, जीभ नव्हती.

बाकीच्या जाती सोप्या. असील उंच, मान ताठ, तुरा बुटका आणि दाणेदार, गळ्याखाली लोंबणारी कातडी जवळजवळ नाहीच. तो आपल्या शेजारच्या बस्तरकडचाही. (कोंबड बाजारासाठी कुणी मागत असेल तर त्या धंद्यात पडू नका, 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यानं तो गुन्हा आहे.) गावरान म्हणून रंगीत वनराजा किंवा गिरिराजा गळ्यात मारतात. वनराजा हैदराबादला, गिरिराजा बंगळुरूला तयार झालेला. तिसऱ्या महिन्यात गावरान साधारण किलोच्या आत असतो, हे दीड किलोच्या पुढे. काटा लावा.

आता डोळा. पिल्लाचा डोळा आधी करडा-तपकिरी असतो. पिवळा मका, हिरवा पाला यातला रंग बाहुलीभोवतीच्या कड्यात साठत जातो आणि काही महिन्यांत डोळा नारिंगी-तांबडा होतो. त्यामुळे दोन महिन्यांच्या कोंबड्याचा डोळा बघून जात सांगणारा फेकतोय. कडकनाथाचा डोळा मोठेपणीही काळपटच राहतो. असीलचा बहुतेकदा फिका, मोत्यासारखा. तो जातीचा गुण, रोग नाही.

पण नारिंगी डोळ्याच्या जातीत एखाद्याचा डोळा राखाडी झाला, बाहुली गोल न राहता वेडीवाकडी किंवा बारीक दिसली, उजेडात आक्रसत नसेल, तर तिथं सौदा थांबवा. हा मॅरेक्स असू शकतो. त्यातच काहींचा एक पाय पुढे, एक मागे असा पडतो. विषाणूचा रोग आहे, औषध नाही. लस असते, ती हॅचरीत पहिल्याच दिवशी द्यावी लागते, म्हणून पिल्लं घेताना बिलावर मॅरेक्स लस दिली असं लिहून घ्या. नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. आणि संशयित पक्षी घरी असेल तर आधी वेगळा ठेवा, मग पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. त्याच्या पिसांच्या कोंड्यातूनही विषाणू पसरतो.

बघताना कोंबडा सावलीत धरा, मग मोबाईलचा टॉर्च क्षणभर बाजूनं दाखवा. दोन्ही डोळे बघा, एकच बिघडलेला असू शकतो.

त्या पोराच्या कोंबड्याचे डोळे ठणठणीत होते, फक्त कडकनाथ नव्हता. मी म्हटलं, खाण्याच्या भावात मिळाला तर घे, रविवारी कामी येईल. पैदाशीसाठी नर शोधायला तो आता चामोर्शीच्या बाजूला जातोय, आणि जाताना माझ्याकडून वजनकाटा घेऊन गेला.