रेषा गेली कुठे?

प्रश्न : नववीतल्या मुलीनं टीआय-८४ वर ३क्ष + य = ४५ चा आलेख काढला, पण पडदा कोराच! कॅल्क्युलेटर बिघडलाय का?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर : नाही ताई, कॅल्क्युलेटर ठणठणीत आहे. नेहमीच्या चौकटीत दोन्ही अक्ष −१० ते १० एवढेच दिसतात, आणि तेवढ्या भागात ही रेषा १५ च्या खाली उतरतच नाही. ती आहे, फक्त पडद्याच्या वर आहे.

'वाय इक्वल्स'मध्ये −३क्ष + ४५ भरा. सुरुवातीचं ऋणचिन्ह कंसातल्या कळीनंच द्या. वजाबाकीची कळ दाबली तर एरर येते, आणि इथे भलेभले अडकतात. मग 'विंडो'त क्ष ० ते २०, य ० ते ५० ठेवून 'ग्राफ' दाबा. रेषा (०, ४५) आणि (१५, ०) मधून जाताना दिसेल. त्यानंतर 'झूम ६' दाबू नका, चौकट पुन्हा पहिल्यासारखी होते.