छतावरचं ऊन आणि गावाचा भरवसा

प्रश्न : अनुदान असूनही आमच्या रामाकोन्यात सौर पॅनेल बसवायला लोक कचरतात. काय करावं? – एक वाचक, ता. सौंसर

उत्तर : पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात, पण यंत्रणा सुरू झाल्यानंतर. संत्र्याचे पैसे हंगामातच हाती येणाऱ्या घराला आधीचा खर्च जड जातो. म्हणून बँकांनी कर्जाचा हप्ता हंगामाशी जोडायला हवा. आणि लोक जाहिरातीपेक्षा शेजाऱ्याच्या वीजबिलावर विश्वास ठेवतात. बैतूल जिल्ह्यातलं बाचा गाव बघून या. आयआयटी मुंबईच्या सौरचुली तिथे सुमारे ७४ घरांत पोचल्या. पहिलं पॅनेल पंचायतीच्या छतावर बसवा, आधीचं-नंतरचं बिल फळ्यावर लिहा. येत्या ग्रामसभेत हा ठराव तुम्हीच मांडा.