निवारा आधी पाहून ठेवा

५ एप्रिल २०२४ रोजी रायपूरच्या गुढियारी भागात वीज कंपनीच्या गोदामाला मोठी आग लागली. तिथे साठवलेले ट्रान्सफॉर्मर आणि त्यांतले तेल पेटत गेले आणि आसपासच्या वस्तीतल्या लोकांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. माझे घर रायपूरलाच आहे. आमच्या शहराला समुद्र नाही, भूकंपाचा धोकाही तुलनेने कमी. त्यामुळे ‘इथे काय होणार आहे?’ असे आमच्याकडे सहज बोलले जाते. पण आग लागू शकते, उरला आणि सिलतराच्या औद्योगिक भागात वायुगळती होऊ शकते, खारून नदीचे किंवा नाल्याचे पाणी सखल वस्तीत शिरू शकते. तेव्हा घरातून निघून जायचे कुठे? हे आधी कसे ठरवायचे, ते या लेखात मांडतो.

निवारा केंद्र म्हणजे काय?

आपल्याकडे निवाऱ्यासाठी बांधलेली वेगळी इमारत क्वचितच असते. बहुतेक वेळा शाळा, सामुदायिक भवन किंवा मंगल कार्यालय हेच निवारा केंद्र होते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण असते. कोणती इमारत उघडायची, हे प्रशासन ठरवते. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२ आहे. आपल्या वॉर्डासाठी कोणती इमारत ठरली आहे, हे महापालिकेच्या झोन कार्यालयात शांत दिवशी जाऊन विचारता येते.

वेळेवर निघणे

कोल्हापूरचे लोक पावसाळ्यात पंचगंगेची पातळी फुटांत सांगतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी या दोन्हींच्या कितीतरी वर गेले. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत लाखो लोकांना हलवावे लागले. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. रस्ता कोरडा असताना चालत जाता येते. तोच रस्ता बुडाला की बोटीची वाट पाहावी लागते आणि बोट आली की सगळ्यांना तिच्यातच चढायचे असते.

उलट उदाहरण आमच्या शेजारच्या ओडिशाचे आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर किनाऱ्यावर खांबांवर उभ्या असलेल्या पक्क्या निवारा इमारती मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. त्यांपैकी बऱ्याच इमारतींत एरवी शाळा भरते, म्हणून वाट लहान मुलांनाही पाठ असते. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ वादळ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले होते. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. फरक इमारतींमुळे पडला, तसाच वेळेवर निघाल्यामुळेही पडला.

संकट वेगळे, निवारा वेगळा

एकच जागा सगळ्या संकटांना चालत नाही.

१. पूर : उंचावरची पक्की इमारत. वाटेत नाला किंवा अंडरब्रिज नसावा.
२. भूकंप : हादरे थांबल्यावर मोकळे मैदान. भिंती आणि विजेच्या तारांपासून दूर.
३. वायुगळती : वाऱ्याची दिशा पाहून वाऱ्याला आडवे जायचे. नाकावर ओला रुमाल धरायचा.
४. हवाई हल्ला : वरखाली होणारा भोंगा म्हणजे धोका, एकसारखा लांब भोंगा म्हणजे धोका टळला. जवळच्या पक्क्या इमारतीत, खिडक्यांपासून दूर थांबायचे. ७ मे २०२५ च्या देशव्यापी सरावात आमच्याजवळच्या दुर्ग-भिलाईत याचा अभ्यास झाला होता.

जपानमधील कामाइशी शहरात ११ मार्च २०११ च्या त्सुनामीच्या वेळी माध्यमिक शाळेची मुले प्राथमिक शाळेतल्या लहानग्यांचे हात धरून उंचावर पळाली. ठरलेली पहिली जागा सुरक्षित वाटेना, म्हणून ती आणखी वर गेली आणि वाचली. त्याच भागात अनेक माणसे एका केंद्रात जमली होती. तिथे पूर्वी सराव होत असे, पण ते त्सुनामीसाठी नेमलेले ठिकाण नव्हते. पाणी आत शिरले आणि पुष्कळ जण दगावले. मोठी मुले तेव्हा आपल्याच वयाची होती, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते.

रेकी करा

आपल्याला शिकवतात की रेकीशिवाय पुढे जायचे नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरापासून जवळच्या एका शाळेपर्यंतची रेकी केली. एकटा सात मिनिटांत पोहोचलो. दुसऱ्या दिवशी आजीला बरोबर घेतले. तिचे गुडघे दुखतात. मध्ये दोनदा बसून आम्हाला बावीस मिनिटे लागली. म्हणजे आमच्या घराचा वेळ बावीस मिनिटे आहे, सात नव्हे. शाळेच्या फाटकाला कुलूप होते. किल्ली चौकीदाराकडे असते आणि तो मागच्या गल्लीत राहतो, हे चहाच्या टपरीवर कळले. आजी म्हणाली, “बाळा, रस्ता कळला, पण आत पाणी नि संडास आहे का ते पण बघ.” होते. मग एक अवघड उतार टाळणारी दुसरी वाटही शोधून ठेवली.

निवाऱ्यात गेल्यावर

माझ्या हाउसमधला एक मित्र कृष्णाकाठचा आहे. २०१९ मध्ये तो नऊ वर्षांचा होता आणि घरच्यांबरोबर काही दिवस एका शाळेच्या वर्गात राहिला होता. त्याच्याकडून समजलेल्या गोष्टी अशा :

• आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिल्या होत्या. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत सर्वांत आधी ठेवावी.
• आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावे. बॅटरी, चार्जर, पाणी, कोरडा खाऊ, एक चादर घ्यावी.
• जनावरांसाठी बरेच जण मागे थांबले. गोठ्यातली जनावरे कुठे न्यायची, हेही आधी ठरवावे.
• आत गेल्यावर पहिल्यांदा नाव नोंदवावे. ती आपली रोल कॉल असते. न सांगता निघून गेलो, तर शोधपथक आपल्याला उगाच पाण्यात शोधत राहते.
• वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना संडासाजवळची, तळमजल्यावरची कोरडी जागा द्यावी.
• पाण्याची रांग लावणे, वर्ग झाडणे, लहान मुलांना सांभाळणे ही कामे आपण कॅडेट्सनी कोणी सांगायच्या आधी घ्यावीत.

आपण वर्षातले बहुतेक महिने वसतिगृहात असतो. संकट आले तेव्हा आपण घरी असूच असे नाही. म्हणून पालकांनाही विनंती आहे. येत्या सुट्टीत सर्वांनी मिळून एका कागदावर पाच गोष्टी लिहा : कोणत्या संकटात कुठे जायचे, तिथली किल्ली कोणाकडे, सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला किती वेळ लागतो, कोणती सूचना आली की निघायचे आणि ताटातूट झाली तर कोणत्या नातेवाइकाला फोन करायचा. तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आमच्या घरी तो आजीने स्वतःच्या हाताने लिहिला आहे आणि निघण्याची वेळ सर्वांपेक्षा पंधरा मिनिटे आधीची धरली आहे.