स्वतंत्रपूर

शिक्षा भोगून माणूस तुरुंगाबाहेर येतो. परंतु गावाचे दार त्याला लगेच उघडत नाही. काम मिळाले नाही, तर तो पुन्हा वाट चुकतो.

हे ओळखून औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत वसविली. तेथे तट नव्हता. कैदी कुटुंबासह राहत व शेत पिकवीत. पळून जाणे सोपे होते. म्हणूनच तेथे राहणे ही विश्वासाची कसोटी होती. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला.

प्रश्न : कळमन्याच्या धान्यबाजारात सुटून आलेला एखादा मनुष्य हमालीचे काम मागू लागला, तर व्यापाऱ्याने काय करावे? का?